वस्तीची गाडी आणि संध्याकाळची मीटिंग: कोकणात एएला कसं जायचं

कोकणात दारू सोडायची म्हटलं की दोन वाटा सगळ्यांना ठाऊक असतात. ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून घेतलेली शपथ, नाहीतर गळ्यात घातलेली तुळशीची माळ. दोन्ही वाटांनी सुटलेली माणसं वाडीवाडीत आहेत, तेव्हा नावं ठेवायचं कारण नाही. अडचण येते ती शिमग्याला, हळदीच्या रात्री, किंवा ऐन आषाढात हाताला काम नसताना. त्या वेळी शपथ घेतलेला माणूस एकटा असतो. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मीटिंगचा उपयोग तिथे होतो. ज्याने हेच भोगलंय असा माणूस आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी समोर बसतो, आणि मधल्या दिवसांत त्याचा नंबर आपल्या खिशात असतो. माळ असली तरी चालते, शपथ असली तरी चालते. काढून ठेवायला कोणी सांगत नाही.

अशा मीटिंगांचं सर्वांत मोठं जाळं अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचं, बोलण्यात नुसतं एए. १९३५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ॲक्रन शहरात, शेअर बाजारातला एक माणूस आणि एक सर्जन भेटले. दोघेही दारूने पोळलेले. एकमेकांशी बोलत राहिल्याने दारू लांब राहते हे त्यांच्या ध्यानात आलं आणि तिथून हे सुरू झालं. फी नाही, फॉर्म नाही, हजेरीवही नाही. सदस्य व्हायला एकच अट आहे: दारू सोडायची इच्छा. एए स्वतःचा दवाखाना चालवत नाही, व्यसनमुक्ती केंद्र चालवत नाही, औषध देत नाही. एएच्या नावाखाली कोणी दाखल करून घेण्याचे पैसे मागितले तर तो एएचा माणूस नव्हे.

आधी अंग, मग मीटिंग

रोज क्वार्टरच्या वर जात असेल, किंवा सकाळी हात थरथरतात म्हणून उठल्या उठल्या नाइंटी मारावी लागत असेल, तर उद्यापासून एकदम बंद असा बेत घरच्या घरी करू नका. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते १२ तासांत कंप, घाम, मळमळ सुरू होते आणि झोप उडते. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भास होतात: भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं हाका मारतात, दिवस आहे की रात्र ते कळत नाही, अंग तापतं. डॉक्टर याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. गावात मात्र याला बाहेरची बाधा समजतात आणि घाड्याकडे किंवा भगताकडे नेण्यात रात्र जाते. ही रात्र जिवावर बेतू शकते. असं काही दिसलं तर १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा. देवाचं जे काही करायचं ते माणूस शुद्धीवर आल्यावर करता येतं.

म्हणून आधी जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग. रायगडसाठी अलिबाग, मग रत्नागिरी, सिंधुदुर्गसाठी ओरोस. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ पासून आहे. त्याच्या नावाला लोक उगाच बिचकतात. दारू उतरवण्यासाठी तिथे गेलेल्याला कोणी वेडा ठरवत नाही. डॉक्टरला खरा आकडा सांगा: किती, कधीपासून, शेवटची कधी. खोटं सांगण्याने नुकसान होतं ते असं. गावच्या दवाखान्यात अशक्तपणा म्हणून नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून घ्यायची पद्धत आहे. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, फार कमी उरलेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डॉक्टरला दारूचं माहीत असेल तर तो थायमिन देतो, माहीत नसेल तर त्याच्या ते लक्षात येणार कसं?

एसटी स्टँडवर आणि गाडीच्या खिडकीला चिकटवलेल्या 'न कळत दारू सोडवा' छापाच्या जाहिरातींबद्दल. अशा पुडीत काय असतं ते विकणाराही सांगू शकत नाही. काही घरांत डॉक्टरकडून आणलेली डायसल्फिरामची गोळी चहात नाहीतर आमटीत चोरून घालतात. ही गोळी पोटात असताना दारू प्यायली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदय आधीच कमजोर असलेला माणूस त्यात दगावू शकतो. गोळी घ्यायची तर घेणाऱ्याला माहीत असलंच पाहिजे.

कंप आणि भास यांचे चार-पाच दिवस डॉक्टरच्या देखरेखीखाली गेले की मीटिंग. कधीमधी पिणाऱ्याला, अंग न थरथरणाऱ्याला थांबायची गरज नाही. आज संध्याकाळी मीटिंग असेल तर आजच जावं.

पत्ता शोधणं

मुंबईत आणि गोव्यात एएचे समूह भरपूर आहेत. मधल्या पट्ट्यात विरळ. शिवाय समूह जागा बदलतात, वार बदलतात, कधी दोन महिने बंद पडून पुन्हा चालू होतात. वर्षभरापूर्वीचा कागद हातात धरून निघालेला माणूस शाळेच्या बंद फाटकासमोर उभा राहतो आणि मग समोरच्या बारमध्ये बसतो, हे इतक्यांदा घडलंय की पहिला नियम हाच धरा: ज्या दिवशी जायचं त्याच दिवशी, निघण्यापूर्वी, फोन करून मीटिंग आहे ना हे विचारायचं.

फोन कुठला? एएचं भारतातलं मुख्य कार्यालय मुंबईत आहे, त्याला जीएसओ म्हणतात. इंटरनेटवर 'एए जीएसओ इंडिया' शोधलं की त्यांची साइट सापडते; तिच्यावर हेल्पलाइन आणि शहरवार यादी असते. यादीत आपला तालुका दिसला नाही म्हणून साइट मिटू नका, हेल्पलाइनला विचारा. यादीत नसलेले छोटे समूह आणि आसपास राहणारे एकटे-दुकटे सदस्य त्यांना किंवा त्यांच्या ओळखीच्यांना माहीत असतात. फोन उचलणारा बहुधा स्वतः सदस्यच असतो, कुठल्या कंपनीचा ऑपरेटर नव्हे. त्यामुळे लाजायचं कारण नाही. तुमचं वाक्य त्याने कधीकाळी स्वतः उच्चारलेलं असतं.

दुसरा रस्ता केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन, १४४४६. ही सरकारमान्य केंद्रांची माहिती देते. मन फारच खचलं असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर टेली-मानस, १४४१६. तिथे दिवसरात्र आणि मराठीत बोलता येतं. तिसरा रस्ता म्हणजे जिल्हा रुग्णालयातला समुपदेशक. डॉक्टर गडबडीत असतात, समुपदेशकाकडे वेळ असतो आणि जवळपास कोणते समूह खरोखर चालतात हे त्याला ठाऊक असण्याची शक्यता जास्त. पुण्याच्या मुक्तांगणात, वांद्र्यात १९८१ साली सुरू झालेल्या कृपा फाउंडेशनमध्ये किंवा दुसऱ्या कुठल्या केंद्रात राहून आला असाल तर घरी सोडायच्या आधीच विचारा: माझ्या तालुक्याला जवळची पाठपुराव्याची बैठक कुठे, आणि तिथल्या कोणाला माझ्याविषयी कळवाल का? घरी आल्यावर विचारू म्हटलं की ते राहून जातं.

चर्चच्या आवारात बऱ्याच ठिकाणी एएची मीटिंग भरते. तेवढ्यावरून ती ख्रिस्ती लोकांची आहे अशी समजूत होते. समूह खोलीचं भाडं देतो, इतकाच संबंध.

फोनवर हे विचारायला विसरू नका: वार आणि वेळ, मीटिंग मराठीत की हिंदी-इंग्रजीत, ओपन की क्लोज्ड, जवळची खूण, कारण 'शाळेच्या मागे' म्हणजे कुठली शाळा हे अंधारात कळत नाही, आणि कोणी फाटकाशी उभं राहील का. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. पहिल्या दिवशी बरेच जण दारापर्यंत येतात आणि आतले आवाज ऐकून परत फिरतात. फाटकावर कोणी असेल तर परत फिरणं अवघड जातं. ओपन मीटिंगला घरचे, मित्र, कोणीही येऊ शकतात. क्लोज्ड फक्त दारूचा त्रास स्वतःला असलेल्यांची.

गाडीचं गणित

कोकणात मीटिंग सुटते ती इच्छेअभावी कमी आणि एसटीअभावी जास्त. तालुक्याची मीटिंग साधारण साडेसहा ते आठ. वस्तीची गाडी डेपोतून सातला सुटते. हा हिशेब न घालता गेलेला माणूस पहिल्या दिवशी स्टँडवर अडकतो, रिक्षाला चारशे रुपये मोजतो, आणि दुसऱ्या आठवड्यात घरचेच म्हणतात, परवडणार नाही.

उपाय आहेत. चेअर करणाऱ्याला, म्हणजे त्या दिवशी मीटिंग चालवणाऱ्याला, आल्या आल्या सांगा की मला पावणेसातला उठायचंय. तो तुम्हाला लवकर बोलू देईल आणि मध्येच उठल्याचं कोणाला वाईट वाटणार नाही. पंधरा मिनिटांची मीटिंगही मीटिंगच. दुचाकीवाला सदस्य वाटेवर सोडू शकतो का, हे विचारायला संकोच नको. असं सोडणं ही तिथली रीतच आहे, आणि मीटिंगपेक्षा मोटारसायकलवर जास्त मोकळं बोलणं होतं असा अनुभव आहे. तालुक्याच्या गावी मावशी, बहीण, सासुरवाडी असेल तर आठवड्यातला तो एक मुक्काम ठरवून टाका. बांदा-सावंतवाडीकडच्या माणसाला म्हापशाची मीटिंग जवळ पडू शकते. मात्र गोव्यातून परतताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना स्वस्त दारूची दुकानं आहेत, म्हणून तिथे एकट्याने न जाता जोडीने जावं. रायगडच्या उत्तरेकडच्यांना पनवेल आणि नवी मुंबई गाठता येते.

मुंबईत नव्या माणसाला ९० दिवसांत ९० मीटिंगा करायला सांगतात. देवगडच्या किंवा गुहागरच्या आतल्या वाडीतल्या माणसाने ते ऐकलं की तो पहिल्याच दिवशी हिरमुसतो. आकड्यामागचं कारण समजून घ्या. सुरुवातीचे तीन महिने मन रोज नवी सबब शोधतं, म्हणून रोज कोणीतरी भेटलं पाहिजे. आठवड्याला एक प्रत्यक्ष मीटिंग, बाकीच्या दिवशी ऑनलाइन मीटिंग किंवा एका सदस्याशी दहा मिनिटं फोन, असं जमवलं तरी रोजचा धागा राहतो. मराठीतल्या ऑनलाइन मीटिंगांचे दुवे हेल्पलाइनवरून किंवा समूहाकडून मिळतात. झूममध्ये शिरण्यापूर्वी स्वतःचं नाव बदलून फक्त पहिलं नाव ठेवा, कारण फोनवर बऱ्याचदा आडनावासकट किंवा दुकानाच्या नावाने खातं असतं. कॅमेरा बंद ठेवला तर डेटाही वाचतो आणि रेंज कमी असली तरी आवाज तुटत नाही. इअरफोन लावा, आपल्याकडच्या मातीच्या भिंतीतून बोलणं शेजारच्या पडवीत ऐकू जातं. घरात रेंजच नसेल तर सड्यावर जाऊन बसा. जून ते सप्टेंबरमध्ये ऑनलाइन मीटिंग आणि फोन हाच मुख्य आधार धरा. दरड कोसळली, लाइट गेली, गाडी रद्द झाली, हे दर पावसाळ्यात होणारच आहे. त्यामुळे त्या दिवसांत कोणाला फोन करायचा ते मे महिन्यातच ठरवून ठेवा.

आत काय होतं

आठ-दहा खुर्च्या, एक टेबल, त्यावर काही पुस्तकं, कोपऱ्यात चहाची किटली. कधी पंचवीस माणसं असतात, कधी तीन. सुरुवातीला क्षणभर शांतता आणि एक छोटी प्रार्थना. मग एए म्हणजे काय ते सांगणारा मजकूर वाचतात, बारा पायऱ्यांतलं, म्हणजे दारूमुक्त राहायच्या एएच्या बारा टप्प्यांतलं, काही वाचतात. त्यानंतर एकेक जण बोलतो, त्याला शेअरिंग म्हणतात. पाच ते सात मिनिटं: पिताना काय होत होतं, काय घडलं, आता कसं आहे. कोणी कोणाला मध्ये तोडत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. तास-दीड तासात संपतं.

'नवीन कोणी आलंय का?' असं विचारतात तेव्हा हात वर केला तर फायदा तुमचा, कारण नंतर लोक येऊन नंबर देतात. आडनाव, गाव, नोकरी काही सांगायची गरज नाही. 'माझं नाव सुरेश, पहिल्यांदाच आलोय, आज फक्त ऐकणार' इतकं पुरे. मी अल्कोहोलिक आहे असं म्हणायची सक्ती नसते. ते वाक्य तोंडातून यायला काहींना महिने लागतात. मधे एक पिशवी किंवा डबा फिरतो. ती एएच्या नियमांतली, म्हणजे परंपरांतली, सातवी: समूहाचा खर्च सदस्यांनीच करायचा, बाहेरची देणगी घ्यायची नाही. पहिल्यांदा आलेल्याने त्यात काही टाकलं नाही तरी कोणी पाहत नाही.

प्रार्थनेत आणि पायऱ्यांत परमेश्वर येतो तिथे काही जण अडतात. शब्द असे आहेत: आपल्याला जसा समजला तसा परमेश्वर. रवळनाथ, विठोबा, अल्ला, येशू, काहीही चालतं. देव न मानणारे समूहालाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानतात आणि पुढे जातात. त्यावर चर्चा करायला दारूमुक्तीचं दुसरं-तिसरं वर्ष बरं. पहिल्या महिन्यात तो विषय बाजूला ठेवा.

पहिल्या काही मीटिंगांत सगळ्यात जास्त बिघडवते ती तुलना. समोरचा सांगतो की तो गटारात सापडला, नोकरी गेली, बायको माहेरी गेली. ऐकणारा मनात म्हणतो, मी कुठे एवढा गेलोय, मी तर फक्त रात्री आणि घरी. मीटिंग संपता संपता त्याने स्वतःला निर्दोष सोडलेलं असतं. गोष्टीतला प्रसंग सोडा आणि त्यामागची भावना ऐका: बाटली लपवणं, सकाळी ओशाळणं, आज एकच घेणार म्हणून बसणं. हे जुळतंय का तेवढंच पाहा. आणि निदान सहा मीटिंगा झाल्याशिवाय हे आपल्यासाठी नाही असं ठरवू नका. जमलं तर वेगवेगळ्या समूहांत जाऊन पाहा, प्रत्येकाचा नूर वेगळा असतो.

दुसरी चूक म्हणजे प्रार्थना संपताच चप्पल घालून निघणं. खरी ओळख चहाच्या वेळी होते. पिऊन गेलात तर बहुतेक समूह हाकलत नाहीत, गप्प बसून ऐकायला सांगतात. त्या दिवशी बोलू नका, म्हणजे झालं. बायकोने किंवा भावाने ओढून आणलेला माणूसही चालतो. त्याची इच्छा नंतर जागी होते, पण त्याला आणणाऱ्याने क्लोज्ड मीटिंगच्या खिडकीबाहेर कान लावून उभं राहू नये.

गावाला कळेल त्याचं काय

कोकणातला हा खरा प्रश्न. अनोळखी दुचाकी दारात उभी राहिली तरी चार घरं चौकशी करतात. एएचं तत्त्व असं आहे की तिथे कोण दिसलं आणि काय ऐकलं ते खोलीतच ठेवायचं. लोक ते बरंचसं पाळतात, पण सगळीकडे माणसंच आहेत, तेव्हा स्वतःची काळजीही घ्या. फार संकोच वाटत असेल तर पहिल्या तीन-चार मीटिंगा शेजारच्या तालुक्यात करा. समूहाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये लगेच शिरू नका. तिथे तुमचा नंबर आणि फोटो सगळ्यांना दिसतो. एकाचाच नंबर घ्या आणि तो 'राजेश वायरमन' असल्या कुठल्याही नावाने साठवा. फोटो काढू नका, काढू देऊ नका. शिक्षक, पोलीस, बँकेतले लोक यांना बदनामीची भीती जास्त असते. त्यांना ऑनलाइनपासून सुरुवात करणं सोपं जातं.

आत गावचाच माणूस दिसला तर पोटात गोळा येतो. क्लोज्ड मीटिंगला तो ज्या कारणाने आलाय त्याच कारणाने तुम्ही आलाय. बाहेर बाजारात भेटलात तर 'खय चललंस?' यापलीकडे बोलायचं नाही, आणि तो बायकोबरोबर असेल तर ओळखसुद्धा त्याने आधी दाखवू द्यावी. बाकी तुम्ही पिता हे गावाला केव्हाचंच ठाऊक आहे. लपून राहिलंय ते फक्त सोडायला निघालाय हे.

बायकांसाठी वाट अजून अरुंद आहे. पिणारी बाई कोकणात नाही असं लोक धरून चालतात, म्हणून ती डॉक्टरकडेही यकृत पार खराब झाल्यावर पोहोचते. तालुक्याच्या मीटिंगला ती एकटीच बाई असण्याची शक्यता मोठी. हेल्पलाइनला फोन केल्यावर बाईशीच बोलायचंय असं स्पष्ट सांगा आणि फक्त महिलांच्या ऑनलाइन मीटिंगबद्दल विचारा. प्रत्यक्ष मीटिंगला निदान सुरुवातीला कोणालातरी सोबत घेऊन जा. पुरुष सदस्याने स्वतःहून वारंवार फोन केले तर ते थांबवायला सांगणं आणि न थांबल्यास समूहातल्या जुन्या माणसाच्या कानावर घालणं, दोन्ही योग्य.

स्पॉन्सर

स्पॉन्सर म्हणजे नव्या माणसाला वाट दाखवणारा जुना सदस्य. तो गुरू नव्हे आणि सावकार तर मुळीच नव्हे. बारा पायऱ्या स्वतः केलेला, निदान वर्षभर न प्यायलेला, आणि फोन उचलणारा माणूस, इतक्या तीन गोष्टी बघा. पुरुषाला पुरुष, बाईला बाई. तो रत्नागिरीला आणि तुम्ही वेंगुर्ल्याला असलात तरी चालतं. पिण्याआधी फोन करायचा. प्यायल्यावरच्या फोनचा उपयोग नाही. रोज एक ठरावीक वेळ लावून घ्या, म्हणजे संकटाच्या दिवशी फोन करणं वेगळं वाटत नाही. भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चारांपैकी कुठलं लागलंय ते आधी स्वतःला विचारा. कित्येकदा भात खाल्ला की तलफ अर्ध्यावर येते.

सदस्यांकडून उसने पैसे घेऊ नका, देऊ नका. आंब्याच्या पेट्या, विमा, जमिनीचे व्यवहार मीटिंगमध्ये आणू नका. छोट्या गावातले समूह दारूपेक्षा उसनवारीने जास्त फुटतात.

खलाशी, तांडेल आणि जहाजावरचे

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. ६१ दिवस बोट बंदरात, हातात वेळ, पाऊस. पिण्याचा हा हंगाम, आणि मीटिंग सुरू करायचाही हाच. ऑगस्टमध्ये बोट सुटेपर्यंत दोन महिन्यांचा पाया तयार झालेला असतो. समुद्रात रेंज जाते, म्हणून मराठी वाचन आणि ध्वनिफिती फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, एकट्यात सांगा. बोटीवर कोणी ग्लास पुढे केला तर त्याच्या एका शब्दाने काम होतं. धोक्याची वेळ बोट धक्क्याला लागते आणि वाटा हातात पडतो तेव्हाची. पैसे रोख घेऊ नका, घरच्या खात्यात टाकायला सांगा, आणि रेंज आली की पहिला फोन स्पॉन्सरला.

व्यापारी जहाजांवर नोकरी करणाऱ्यांसाठी आणि जिथे समूहच नाही तिथल्या एकांड्या सदस्यांसाठी एएमध्ये पत्रव्यवहाराने आणि ईमेलने चालणारी सोय जुनी आहे. त्यांच्या भाषेत इंटरनॅशनलिस्ट आणि लोनर. जहाजावर चढण्याआधी जीएसओकडे तिची चौकशी करा.

वर्षातले अवघड दिवस

गणपतीला चाकरमानी येतात ते पिशवीत बाटली घेऊन. रायगडातली हळदीची रात्र, शिमग्याची पालखी, काजूच्या हंगामात गोव्याच्या सीमेलगत सहज मिळणारा उराक, म्हणजे काजूची दारू, ३१ डिसेंबरला किनाऱ्यावर उतरणारे पर्यटक. या तारखा कॅलेंडरवर आधीच लाल करा आणि त्या दिवसाच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी मीटिंग ठेवा. हळदीला जायचंच असेल तर जेवणाच्या वेळी जा, जेवून निघा, परतीची गाडी स्वतःची ठेवा. हातात सोलकढीचा किंवा कोकम सरबताचा पेला असला की आग्रह निम्मा होतो. कारण सांगायची वेळ आली तर 'डॉक्टरांनी बंद केलीय' हे आपल्याकडे बिनविरोध मान्य होतं.

राखणीचं थोडं नाजूक असतं. राखणदाराला कोंबड्याबरोबर दारू दाखवतात आणि ती प्रसाद म्हणून वाटली जाते. मानकऱ्याला किंवा घरातल्या वडीलधाऱ्याला आठवडाभर आधीच सांगा की मी बोट लावून कपाळाला लावीन, तोंडात घेणार नाही. ऐन वेळी देवापुढे नाही म्हणणं जड जातं.

पडलात तर

याला स्लिप म्हणतात. पुढच्याच मीटिंगला जा आणि एका वाक्यात सांगा. सहा महिन्यांचा आकडा गेल्याच्या लाजेने लोक तोंड लपवतात आणि एका रात्रीचे दोन महिने होतात. मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून, पण शिकलेलं कुठे जात नाही. स्लिप आठवडाभर चालली असेल तर पुन्हा आधी दवाखाना, कारण कंप आणि फिट दुसऱ्या वेळी जास्त जोराने येऊ शकतात.

घरच्यांसाठी ॲल-अनॉन आहे, १९५१ सालापासून, एएपासून वेगळी संघटना. तिथे नवऱ्याला कसं सुधारावं हे शिकवत नाहीत. त्याचं पिणं आपण घडवलं नाही, आपल्या ताब्यात नाही, आपण बरं करू शकत नाही, हे पचवून स्वतःचं घर कसं चालवायचं यावर बोलतात. मारहाण होत असेल तर मात्र मीटिंगची वाट पाहू नका, ११२ ला फोन करा.

तालुक्यात समूहच नसेल तर

दारू सोडायची असलेली दोन-तीन माणसं एकत्र बसली आणि त्यांनी दुसऱ्या कुठल्या संस्थेशी किंवा पक्षाशी नातं ठेवलं नाही, तर तो एएचा समूह होऊ शकतो. मात्र त्यातल्या एकाला तरी थोडा काळ दारूमुक्त राहिल्याचा आणि दुसऱ्या समूहात बसल्याचा अनुभव असावा, नाहीतर ती नुसती गप्पांची बैठक होते.

वार निवडताना आठवडा बाजाराचा निवडा. त्या दिवशी गावोगावची माणसं तालुक्याला येतातच, घरी कारण सांगावं लागत नाही. वेळ दुपारी साडेतीन ते पाच ठेवली तर वस्तीच्या गाडीचा प्रश्नच उरत नाही. जागा वाचनालयाची, शाळेची, समाजमंदिराची किंवा चर्चच्या हॉलची. फुकट मिळाली तरी थोडं भाडं द्या आणि पावती घ्या. पुढाऱ्याच्या कार्यालयात बसू नका, कोणाच्या घरातही कायमचं नको, कारण घरातल्या लग्नाबरोबर मीटिंग बंद पडते. जीएसओकडून मराठी साहित्याचा एक संच मागवा आणि समूहाची नोंद करा, म्हणजे हेल्पलाइनवाले माणूस पाठवू शकतील. वही ठेवायची ती हिशेबाची, नावांची नाही. फोनसाठी समूहाचं वेगळं सिम घ्या, ते दर महिन्याला दुसऱ्याकडे द्या. चार्जिंगचा दिवा हवाच.

कोणी आलं नाही तरी ठरलेला पूर्ण वेळ दार उघडं ठेवून बसायचं. आणि खोलीची किल्ली दोघांकडे असू द्या. एकाची गाडी चुकली आणि कुलूप तसंच राहिलं, तर त्या दिवशी बावीस किलोमीटरवरून पहिल्यांदा आलेला माणूस पुन्हा येत नाही.